चिठ्ठी, बरणी आणि नोंदवही : औषध सुरक्षितपणे देण्याचा इतिहास

सुरुवातीलाच एक कबुली देतो. मी फार्मसीचा शिक्षक नाही. अभियांत्रिकी महाविद्यालयात डेटाबेस हा विषय शिकवतो. तरीही या विषयावर टिपण लिहायला बसलो, त्याला कारण माझी आई.

काही वर्षांपूर्वी तिच्या दाढेला सूज आली. तिच्या हृदयाची झडप बदललेली असल्यामुळे रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून ती रोज वॉरफरिनची गोळी घेते. दातांच्या डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली. ती घेऊन मी नेहमीच्या मेडिकलमध्ये गेलो. दुकानातले काका चिठ्ठी वाचता वाचता थांबले आणि म्हणाले, "ही आजींसाठी ना? त्यांची ती रक्त पातळ करायची गोळी चालू आहे अजून?" मी हो म्हटले. त्यांनी पाकीट पुन्हा फळीवर ठेवले, डॉक्टरांना फोन लावला, आणि चिठ्ठीतले मेट्रोनिडॅझोल बदलून घेतले. मला म्हणाले, "दोन्ही एकत्र चालली असती तर रक्त थांबायला त्रास झाला असता."

सारे दोन-तीन मिनिटांत आटोपले. घरी येताना मला प्रश्न पडला, की काकांनी नेमके काय केले? चिठ्ठीत चूक नव्हती. औषध खरे होते, मात्रा बरोबर होती, मुदत संपलेली नव्हती. चूक होती ती त्या चिठ्ठीत न लिहिलेल्या दुसऱ्या औषधाशी असलेल्या नात्यात. एका तक्त्यातली नोंद दुसऱ्या तक्त्यातल्या नोंदीशी ताडून पाहणे हा माझ्या विषयाचा गाभा आहे, आणि ते काम एक माणूस डोक्यात करत होता. हे काम औषधविक्रेत्याकडे कधी आले आणि कसे आले, ते आपण या टिपणात पाहणार आहोत.

चुकीची बरणी

औषध लिहिणारा आणि औषध देणारा वेगळा असावा, हा विचार जुना आहे. सुमारे १२४० साली सम्राट फ्रेडरिक दुसरा याने सिसिली आणि दक्षिण इटलीतल्या आपल्या राज्यासाठी फर्मान काढून वैद्याचा आणि औषधे तयार करणाऱ्याचा धंदा वेगळा केला. वैद्याने औषधाच्या दुकानात भागी ठेवायची नाही, असा त्यातला दंडक होता. त्यामागे पैशाच्या लोभाला आळा घालणे हा हेतू होता. पण त्यातून नकळत दुसरा एक फायदा झाला. प्रत्येक औषध रुग्णापर्यंत पोहोचण्याआधी दोन जाणत्या माणसांच्या नजरेखालून जाऊ लागले. सुरक्षिततेच्या शास्त्रात ज्याला आपण दुहेरी तपासणी म्हणतो तीच ही.

मात्र पुढची कित्येक शतके या दुसऱ्या नजरेचे मुख्य काम एवढेच होते, की बरणी बरोबर आहे ना हे पाहायचे. ते न पाहिल्यास काय होते याचे एक भयंकर उदाहरण इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड शहरातले आहे. १८५८ साली तिथल्या एका मिठाई बनवणाऱ्याने साखरेत मिसळण्यासाठी स्वस्त पांढरी भुकटी मागवली. त्या काळी अशी भेसळ सर्रास चाले. औषधविक्रेता आजारी होता. त्याच्या नवख्या मदतनिसाने चुकीच्या पिंपातून भुकटी दिली, आणि ती निघाली सोमल. त्या गोळ्या बाजारात विकल्या गेल्या आणि सुमारे २० माणसे मेली. दोनशेच्या आसपास लोक आजारी पडले. दोन्ही भुकट्या पांढऱ्या, आणि पिंपावर नीट चिठ्ठी नाही, एवढेच कारण. या प्रकरणाने उठलेल्या ओरडीचा वाटा इंग्लंडच्या १८६८ च्या फार्मसी कायद्यात होता. विष कोणी विकायचे आणि त्यावर 'विष' असे लिहिलेच पाहिजे, हे त्या कायद्याने ठरवले. विषाच्या बाटल्या खरबरीत काचेच्या करण्याची पद्धतही त्याच शतकातली. रात्री अंधारात बाटली हातात घेतली तरी बोटांना कळावे, हा तिचा उद्देश.

आपल्याकडे पाश्चात्त्य पद्धतीची औषधांची दुकाने कलकत्त्यात सुरू झाली. बाथगेट यांचे दुकान १८११ चे. औषधनिर्मितीचे औपचारिक शिक्षण पोर्तुगीज अमलाखालच्या गोव्यात मिळू लागले, ते १८४२ साली पणजीला स्थापन झालेल्या वैद्यकीय शाळेत. बाकी देशात मात्र औषध देणारा माणूस म्हणजे कम्पाउंडर. तो डॉक्टरांच्या हाताखाली शिकलेला असे. तुमच्यापैकी जे पन्नाशीच्या पुढचे आहेत त्यांना दवाखान्यातली ती मिक्श्चरची बाटली आठवत असेल. तिच्यावर कात्रीने खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवलेली असे, आणि एक खाच म्हणजे एक डोस. मला ती पट्टी फार हुशारीची वाटते. ज्याला वाचता येत नाही त्यालाही मात्रा कळते, आणि किती डोस घेतले हेही बाटलीकडे पाहून समजते. बाटलीत काय आहे, हे मात्र कम्पाउंडरखेरीज कोणालाही कळत नसे.

जुन्या पिढीतल्या औषध देणाऱ्यांना एक नियम शिकवला जाई. बरणीवरचे नाव तीनदा वाचायचे. फळीवरून काढताना, औषध काढून घेताना आणि बरणी परत ठेवताना. आज बरणीच्या जागी छापील पाकीट आले आणि रुग्णालयांत त्यावरची बारकोडची रेघ यंत्र वाचते, तरी मूळ कल्पना तीच आहे.

आधी माल, मग माणूस

पहिल्या महायुद्धानंतर हिंदुस्थानच्या बाजारात औषधांचा सुळसुळाट झाला. भेसळीचे किंवा कमी ताकदीचे क्विनाइन विकले जात होते, आणि मलेरियाने माणसे मरत होती. १९३० साली सरकारने कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली औषध चौकशी समिती नेमली. चोप्रा कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये औषधशास्त्राचे प्राध्यापक होते. समितीने देशभर फिरून साक्षी घेतल्या आणि १९३१ मध्ये अहवाल दिला. त्यातला मुख्य मुद्दा आजही वाचण्यासारखा आहे. समितीच्या मते नुसता औषधांच्या दर्जाचा कायदा करून भागणार नव्हते. औषध हाताळणाऱ्या माणसाच्या शिक्षणाचा आणि नोंदणीचा कायदाही त्याबरोबर हवा होता.

सरकारने या दोन गोष्टी एकत्र केल्या नाहीत. औषधांचा कायदा १९४० साली आला, त्याखालचे नियम १९४५ साली, आणि माणसांचा कायदा, म्हणजे फार्मसी कायदा, थेट स्वातंत्र्यानंतर १९४८ साली. मधल्या काळात शिक्षणाचे काम महादेव लाल श्रॉफ यांनी बनारस हिंदू विद्यापीठात १९३२ पासून चालवले. तिथला बी. फार्म. अभ्यासक्रम १९३७ चा.

आधी माल आणि मग माणूस हा क्रम माझ्या मते महत्त्वाचा आहे. आपल्या व्यवस्थेचा कल पुढेही तसाच राहिला. औषध निर्भेळ आहे का याकडे तिचे लक्ष, आणि ते देताना काय तपासले याकडे कमी. याला कारणही होते, हे मान्य केले पाहिजे. १९३७ साली अमेरिकेत डायइथिलीन ग्लायकॉल या विषारी द्रवात विरघळवलेल्या सल्फा औषधाने शंभराहून अधिक बळी घेतले, आणि त्यातून तिथला १९३८ चा कायदा झाला. जवळजवळ पन्नास वर्षांनी, १९८६ च्या सुरुवातीला, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमधून हेच विष गेले आणि १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने खरेदीपासून प्रयोगशाळेपर्यंतची सडलेली साखळी उघड केली. माल खोटा असेल तर पुढची कोणतीही तपासणी उपयोगाची नाही.

१९४८ च्या कायद्याच्या ४२ व्या कलमाने डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषध तयार करणे, मिसळणे आणि देणे हे काम नोंदणीकृत फार्मासिस्टपुरते मर्यादित केले. एक सवलत राहिली. डॉक्टर स्वतःच्या रुग्णाला स्वतःच औषध देऊ शकतात. म्हणजे फ्रेडरिकचा दंडक आपण अर्धाच घेतला. पहिल्या नोंदवहीत जुन्या कम्पाउंडरांना अनुभवाच्या जोरावर सामावून घेतले गेले. ते योग्यच होते, नाहीतर दवाखाने बंद पडले असते.

१९४५ च्या नियमांतला ६५ वा नियम मात्र तुम्ही एकदा नीट समजून घ्या, कारण मेडिकलच्या काउंटरवर घडणाऱ्या बऱ्याच गोष्टींचे मूळ तिथे आहे. अनुसूची 'एच' मधले औषध चिठ्ठीशिवाय द्यायचे नाही. डॉक्टरांनी तसे लिहिले नसेल तर एका चिठ्ठीवर ते एकदाच द्यायचे. दिल्यावर चिठ्ठीवर दुकानाचे नाव आणि तारीख नोंदवायची. लिहिलेल्या औषधाऐवजी दुसरे द्यायचे नाही, आत तेच द्रव्य असले तरीही. २०१४ च्या मार्चपासून 'एच-वन' ही नवी अनुसूची लागू झाली. तिच्यात सुरुवातीला ४६ औषधे होती, मुख्यतः प्रबळ प्रतिजैविके, क्षयाची औषधे आणि सवय लावणारी काही औषधे. त्यांच्यासाठी रुग्णाचे नाव, डॉक्टरांचे नाव आणि दिलेली संख्या वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षे जपावी लागते.

आता या नियमांकडे डेटाबेसच्या नजरेने पाहा. प्रत्येक नोंद एका विक्रीची आहे. एकाच रुग्णाने गेल्या महिन्यात काय काय घेतले, हे या वह्यांतून काढता येत नाही. ही रचना मालाचा माग काढण्यासाठी केलेली आहे. माझ्या आईच्या बाबतीत काकांनी जे ताडून पाहिले, ते यातल्या कोणत्याही वहीत नव्हते.

चीज खाल्ल्यावर डोके का दुखते

दोन औषधे किंवा औषध आणि अन्न एकमेकांना बाधू शकतात, हे वैद्यांना पूर्वीपासून ठाऊक होते. आयुर्वेदातली विरुद्धाहाराची कल्पना तुम्हाला माहीत असेलच. पण आधुनिक औषधांच्या आंतरक्रियांचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला तो १९६० नंतर. त्यातली सर्वांत गाजलेली गोष्ट एका फार्मासिस्टच्या पत्रापासून सुरू होते, आणि म्हणून ती जरा सविस्तर सांगतो.

त्या काळी नैराश्यावर 'मोनोअमाइन ऑक्सिडेज' या विकराला रोखणारी औषधे नव्याने वापरात आली होती. ती घेणाऱ्या काही रुग्णांचे डोके अचानक भयंकर दुखे, रक्तदाब चढे, आणि एखाद्याच्या मेंदूत रक्तस्राव होई. कारण कोणालाच कळत नव्हते. लंडनच्या मॉडस्ले रुग्णालयातले तरुण डॉक्टर बॅरी ब्लॅकवेल यांनी याबद्दल 'लॅन्सेट' मध्ये लिहिले. ते वाचून नॉटिंगहॅमचे रो नावाचे रुग्णालयातले फार्मासिस्ट यांनी त्यांना पत्र पाठवले. रो यांची पत्नी हे औषध घेत होती. तिला हा त्रास दोनदा झाला होता, आणि दोन्ही वेळा तिने त्याआधी चीज खाल्ले होते. याचा काही संबंध असेल का, असे त्यांनी विचारले.

पत्र वाचून डॉक्टर मंडळी आधी हसली. चीज तर सगळेच खातात. पण ब्लॅकवेल यांनी मग रुग्णांना त्रास होण्याआधी त्यांनी काय खाल्ले होते ते तपासले, आणि पुन्हा पुन्हा चीज समोर आले. १९६३ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. पुढे कारणही स्पष्ट झाले. मुरवलेल्या चीजमध्ये टायरामाइन हे द्रव्य असते. एरवी आतडे आणि यकृत यांतले तेच विकर त्याचा निकाल लावते. औषधाने विकर बंद पाडले की टायरामाइन थेट रक्तात जाते आणि रक्तदाब उसळतो.

रो यांच्याकडे प्रयोगशाळा नव्हती. औषध काय आहे हे त्यांना माहीत होते आणि औषध घेणारी व्यक्ती रात्रीच्या जेवणात काय खाते हेही माहीत होते. डॉक्टरांना पहिली गोष्ट ठाऊक होती, दुसरी नव्हती.

ही गोष्ट जुनी झाली असे समजू नका. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावर आज भारतात लिनेझोलिड वापरले जाते. तेही हेच विकर थोड्या प्रमाणात रोखते. त्यामुळे ते घेणारा रुग्ण नैराश्याची गोळी घेत असेल, तर ती देणाऱ्याने विचारायलाच हवे.

क्षयाचाच विषय निघाला म्हणून रिफॅम्पिसिनबद्दल. १९७१ साली जर्मनीतल्या डॉक्टरांच्या लक्षात आले, की क्षयासाठी रिफॅम्पिसिन घेणाऱ्या स्त्रियांना गर्भनिरोधक गोळ्या चालू असतानाही मधेच रक्तस्राव होतो आणि काहींना दिवस राहतात. रिफॅम्पिसिनमुळे यकृतातली विकरे वाढतात आणि गर्भनिरोधक गोळी काम करण्याआधीच मोडून टाकली जाते. हीच विकरे वॉरफरिनही मोडतात, मधुमेहाच्या काही गोळ्या मोडतात, एचआयव्हीची काही औषधेही मोडतात. आपल्या देशात लाखो लोक रिफॅम्पिसिन घेतात. ते घेतल्यावर लघवी नारिंगी होते हे रुग्णाला सहसा कोणीतरी सांगते, कारण तो घाबरून परत येतो. गर्भनिरोधक गोळीबद्दल सांगणारे कमी भेटतात. तो प्रश्न काउंटरवर चारचौघांत विचारायचा कसा, हा संकोच आपल्याकडे आहेच.

मेट्रोनिडॅझोल याच्या नेमके उलट करते. वॉरफरिन मोडणाऱ्या विकराला ते अडवते, मग वॉरफरिन रक्तात साचते. १९७६ साली हे प्रयोगाने दाखवले गेले. माझ्या आईची चिठ्ठी लिहिली गेली तेव्हा ही माहिती कित्येक दशके पुस्तकांत छापलेली होती.

दोन प्रकरणांनी ही गोष्ट नुसत्या पुस्तकांतून उचलून सरकारी कचेऱ्यांत नेली. पहिले टर्फेनाडिनचे. सर्दी-ॲलर्जीवरचे, झोप न आणणारे हे औषध जगभर खपत होते. बुरशीवरचे किटोकोनॅझोल किंवा एरिथ्रोमायसिन सोबत घेतले, तर टर्फेनाडिन रक्तात साठून हृदयाची लय बिघडते, असे १९९० च्या सुमारास उघड झाले. इशारे दिले, पत्रे पाठवली, तरी दोन्ही औषधे एकत्र लिहिली जात राहिली. शेवटी अमेरिकेत १९९८ साली ते बाजारातून गेले, भारतात २००३ साली त्याच्यावर बंदी आली. दुसरे प्रकरण जपानमधले. १९९३ साली तिथे नागिणीवरचे सोरिव्हुडिन विक्रीला आले. कर्करोगाची एक गोळी घेणाऱ्या रुग्णांना ते दिले गेले, आणि काही आठवड्यांत किमान १५ जण मेले. कर्करोगाची चिठ्ठी एका डॉक्टरची आणि नागिणीची दुसऱ्याची, असे घडत होते. जपानमध्ये यानंतर 'ओकुसुरी तेचो', म्हणजे औषधांची वही, रुजली. ती छोटी वही रुग्ण स्वतःजवळ बाळगतो आणि प्रत्येक औषधदुकानात तिच्यात नोंद होते.

वही कोणाची

आता आपण मूळ प्रश्नाकडे येऊ. एवढी माहिती डोळ्यांखाली घालून ताडून पाहणे हे औषधविक्रेत्याचे काम कधीपासून झाले?

तुम्हाला आश्चर्य वाटेल, पण अमेरिकेतल्या फार्मासिस्टांच्या संघटनेने १९५२ साली जी आचारसंहिता केली, तिच्यानुसार चिठ्ठीतल्या औषधाचा गुण किंवा त्यातले घटक यांबद्दल रुग्णाशी बोलणे फार्मासिस्टला वर्ज्य होते. रुग्णाने विचारले तर त्याला डॉक्टरांकडे पाठवायचे. ही तरतूद १९६९ मध्ये गेली. पण त्याआधी, १९६० साली, व्हर्जिनियातल्या बेरीव्हिल या लहानशा गावात यूजीन व्हाइट नावाच्या फार्मासिस्टने दुकानातला इतर माल काढून टाकला आणि तिथे कार्यालयासारखी मांडणी केली. गावातल्या प्रत्येक कुटुंबासाठी त्याने एक कार्ड केले. त्यात घरातल्या कोणाला कोणते औषध कधी दिले आणि कोणाला कशाची ॲलर्जी आहे, हे लिहिलेले असे. नवी चिठ्ठी आली की तो आधी कार्ड काढी.

माझ्या दृष्टीने या इतिहासातली खरी कलाटणी हे कार्ड आहे. नोंदीची किल्ली औषधाकडून माणसाकडे सरकली ती इथे. 

कार्डाबरोबर ताडण्यासाठी दुसरा तक्ताही हवा, कोणते औषध कोणाशी भांडते याचा. अमेरिकेत फिलिप हॅन्स्टन यांचे पुस्तक १९७१ साली आले, ब्रिटनमध्ये स्टॉकली यांचे १९८१ साली. त्याच सुमारास संगणकही आला. १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या रुग्णालयात फार्मसीतल्या नोंदींवरून आंतरक्रियेचा इशारा देणारी प्रणाली चालू होती. संगणकाची गरज का पडली, ते साध्या गणिताने समजेल. एका माणसाला ५ औषधे असतील तर जोड्या १०. ८ असतील तर २८. वापरातली १००० औषधे धरली तर एकूण जोड्या ४,९९,५००. हे पाठांतराने होणारे काम नाही.

१९९० च्या अमेरिकेतल्या कायद्याने, सरकारी मदतीवरच्या गरीब रुग्णांपुरते का होईना, औषध देण्याआधी आंतरक्रिया तपासणे आणि सल्ला देऊ करणे बंधनकारक केले. १९९३ पासून ते लागू झाले. पण यंत्र आले म्हणून प्रश्न मिटला नाही. यंत्र फार ओरडते. किरकोळ आणि जीवघेणा इशारा एकाच आवाजात येत असेल, तर माणूस दोन्ही बाजूला सारायला शिकतो. २००६ च्या एका शास्त्रीय आढाव्यात असे ४९ ते ९६ टक्के इशारे डावलले जातात असे आढळले. २०१६ साली 'शिकागो ट्रिब्यून' या वृत्तपत्राने २५५ औषधदुकानांत बाधक जोड्यांच्या चिठ्ठ्या पाठवून पाहिल्या, तेव्हा ५२ टक्के दुकानांनी एक शब्द न बोलता दोन्ही औषधे दिली. त्या दुकानांत संगणक होतेच. कमी पडला होता तो वेळ. मिनिटाला किती चिठ्ठ्या उरकायच्या, हे मालक ठरवत असेल, तर थांबून विचारणारा माणूस मागे पडतो.

नावांचे जंगल

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे, ती ब्रँडच्या नावांची. एकाच द्रव्याची डझनावारी नावे, आणि वेगळ्या द्रव्यांची एकसारखी नावे. २००१ साली सर्वोच्च न्यायालयासमोर कॅडिला नावाच्या दोन कंपन्यांचा वाद गेला. एकीचे औषध 'फाल्सिगो', दुसरीचे 'फाल्सिटॅब'. दोन्ही मेंदूपर्यंत जाणाऱ्या मलेरियावरची, पण घटक वेगळे. न्यायालयाने म्हटले, की औषधांच्या नावांतल्या साधर्म्याला इतर मालापेक्षा कडक कसोटी लावली पाहिजे, कारण इथे गोंधळाची किंमत जीव असू शकते. ते म्हणताना देशातल्या अनेक भाषा, निरक्षरता आणि डॉक्टरांचे अक्षर या तिन्हींचा विचार न्यायालयाने केला. २०१६ साली वैद्यकीय परिषदेने जेनेरिक नावे सुवाच्य, शक्यतो मोठ्या लिपीत लिहिण्याचा नियम केला. तो किती पाळला जातो, ते तुमच्या घरातल्या ताज्या चिठ्ठीवरून ठरवा.

एकत्रित गोळ्यांनी यात भर घातली. सर्दीच्या गोळीत पॅरासिटामॉल, अंगदुखीच्या गोळीत पॅरासिटामॉल, आणि तापासाठी वेगळी पॅरासिटामॉल. तिन्हींची नावे वेगळी असल्याने रुग्णाला आपण एकच औषध तीनदा घेतोय हे कळत नाही. मोठ्या माणसाला दिवसाची कमाल मर्यादा साधारण ४ ग्रॅम आहे. तिच्यापुढे यकृताला धोका असतो.

कायद्याच्या पातळीवर आपण मागे नाही, हे सांगायला हवे. २००८ साली फार्म. डी. हा रुग्णाभिमुख अभ्यासक्रम आला. २०१० साली औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्याचे केंद्र आता गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगात आहे आणि १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर तुम्हीही तक्रार नोंदवू शकता. आणि २०१५ च्या फार्मसी व्यवसाय नियमांत औषध देण्याआधी काय पाहायचे ते स्पष्ट लिहिले आहे : तेच औषध दोनदा तर नाही ना, मात्रा आणि मुदत बरोबर आहे ना, रुग्णाच्या आजाराशी, ॲलर्जीशी आणि इतर औषधांशी ते जुळते ना. यासाठी रुग्णाच्या नोंदी ठेवणेही त्यात अपेक्षित आहे.

प्रत्यक्षात काय दिसते? बऱ्याच दुकानांत भिंतीवर फार्मासिस्टचे प्रमाणपत्र असते आणि काउंटरवर दुसराच मुलगा असतो. २०१२ च्या सुमारास महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने फार्मासिस्ट दुकानात हजर हवा आणि चिठ्ठीशिवाय औषध नको, यासाठी मोहीम उघडली, तेव्हा विक्रेत्यांनी दुकाने बंद ठेवून विरोध केला. त्यांची बाजू अगदीच खोटी नव्हती. लहान गावात पूर्णवेळ फार्मासिस्टचा पगार दुकानाच्या उत्पन्नात बसत नाही, आणि सल्ल्याचे पैसे कोणी देत नाही. गोळ्यांवरच्या टक्केवारीत सारे भागवायचे. व्हाइटचे कार्ड आपल्याकडे रुजले नाही याचे मोठे कारण मला हे वाटते. दुकानांत आता संगणक आहेत, पण ते साठा, मुदत आणि जीएसटी सांभाळतात. बिलावर रुग्णाच्या नावाच्या जागी बहुधा 'कॅश' छापलेले असते.

दोन वर्षांपूर्वी माझ्या शेवटच्या वर्षाच्या चार विद्यार्थ्यांनी प्रकल्प म्हणून आंतरक्रिया तपासणारे सॉफ्टवेअर केले. ब्रँडवरून मूळ द्रव्य शोधणारा तक्ता त्यांनी कष्टाने भरला. जोड्यांचा तक्ता त्यामानाने लवकर झाला. मी त्यांना ते घेऊन काकांकडे पाठवले. काकांनी माझ्या आईची चिठ्ठी टाकून पाहायला सांगितली. मुलांनी मेट्रोनिडॅझोल टाइप केले. पडद्यावर काहीच आले नाही, कारण वॉरफरिन त्या चिठ्ठीत नव्हतेच. काकांनी गल्ल्याखालून एक लांबट वही काढली, उभ्या रेघांची, किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीसारखी. त्यात घराघराच्या नावाने पाने होती. आमच्या पानावर आईच्या नावापुढे चार औषधे होती, आणि वॉरफरिनखाली लाल शाईने रेघ मारलेली होती.

मुले परत आली आणि त्यांनी आराखड्यात तिसरा तक्ता घातला. त्यात माहिती कोण भरणार, हा स्तंभ अजून रिकामा आहे.